जेट ली : पवित्र्यातून पडद्यावर

सलग पाच वर्षे चीनचा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या जेट लीने त्या पाच वर्षांत एकाही प्रतिस्पर्ध्याला मारून हरवले नाही. ज्या खेळात तो अजिंक्य होता, त्यात समोर बहुधा कुणी उभेच नसते. गालिच्यावर एकटा खेळाडू येतो, अभिवादन करतो, मिनिट-सव्वा मिनिट मुठी, लाथा, उड्या, तलवार किंवा भाला यांची ठरलेली मालिका सादर करतो आणि पंच त्याला गुण देतात. हाच मुलगा पुढे चित्रपटांत गेला आणि जगभरचे प्रेक्षक त्याला पडद्यावरचा सर्वांत अस्सल लढवय्या मानू लागले.

यात वरकरणी विसंगती दिसते, पण ती खरी नाही. चित्रपटातल्या लढाईत कुणी कुणाला मारायचे नसते. मारण्याचा हेतू, मार चुकवण्याची घाई, रागावरचा ताबा, थकवा, भीती, हे सारे शरीराने दाखवायचे असते. वयाच्या आठव्या वर्षापासून ज्याला हेच शिकवले गेले, तो या कलेत पुढे गेला तर नवल काय? जेट लीच्या बाबतीत नवल वाटते ते पुढच्या प्रवासाचे. शरीराच्या जोरावर सर्व काही मिळवलेल्या या माणसाने एकेक करून शरीराचे आधार सोडले आणि तरीही तो नट म्हणून वाढत राहिला.

बीजिंगमधली क्रीडाशाळा

त्याचे खरे नाव ली ल्येनज्ये. जन्म २६ एप्रिल १९६३, बीजिंग. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले. आई बसची तिकिटे विकण्याचे काम करायची आणि त्या पगारात सात तोंडे भरायची, कारण घरात आजीही होती. तो काळ सांस्कृतिक क्रांतीचा. शाळा कधी चालू, कधी बंद. अशा दिवसांत १९७१च्या उन्हाळ्यात मुलांना रिकामे ठेवू नये म्हणून क्रीडाशाळेत पाठवण्यात आले. कुणी कोणता खेळ खेळायचा हे मुले ठरवत नसत, शिक्षक ठरवत. आठ वर्षांच्या ल्येनज्येच्या वाट्याला वूशू आला. या खेळाचे नावही त्याने तोवर ऐकले नव्हते, असे त्याने पुढे सांगितले आहे.

सुट्टी संपल्यावर बहुतेक मुलांना घरी पाठवले गेले. मोजक्या मुलांना शाळेनंतर रोज सरावाला यायला सांगितले, त्यात हा होता. प्रशिक्षक होते वू बिन. आधुनिक वूशूच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. पुढे बीजिंगचा वूशू संघ त्यांनीच बांधला. वू बिन कडक होते. या मुलाकडून तर ते इतरांपेक्षा जास्त मेहनत करून घेत. त्याच्या हालचालीत चपळाई होती, पण ताकद कमी पडत होती. घरी चौकशी केल्यावर कारण कळले: या घरात मांस शिजतच नव्हते. मग वू बिन स्वतः त्याच्या घरी मांस पोचवू लागले. शिष्य घडवायचा तर आधी त्याच्या ताटात काय पडते ते बघावे लागते, हे ज्यांना समजते असे गुरू कमी असतात. जेट लीने पुढे प्रत्येक मोठ्या मुलाखतीत त्यांची आठवण काढली, यामागे हे ऋण आहे.

१९७२मध्ये जिनान शहरातल्या स्पर्धेत नऊ वर्षांच्या ल्येनज्येला उत्कृष्टतेचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर शाळा सांभाळून सराव हा प्रकारही संपला. मुलगा वसतिगृहात राहू लागला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत सराव हेच त्याचे जग झाले.

लढाई नव्हे, लढाईची मांडणी

येथे वूशूविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय पुढचे चित्रपट नीट कळणार नाहीत. चीनमध्ये गावोगावी, घराण्याघराण्यांत लढण्याच्या शेकडो पद्धती होत्या. १९४९नंतरच्या सरकारने १९५०च्या दशकात त्या एकत्र आणून त्यांना खेळाचे रूप दिले. उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या शैलीला ‘चांगच्वान’ म्हणतात. तिच्यात पसरलेले हात, उंच उड्या, खोल बैठका असतात. दक्षिणेकडची शैली ‘नानच्वान’. तिच्यात पाय जमिनीत रोवलेले आणि हातांचे काम जास्त. याशिवाय एकधारी तलवार, दुधारी तलवार, काठी आणि भाला. ठरलेल्या हालचालींच्या मालिकेला ‘ताओलू’ म्हणतात. चौदा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद गालिच्यावर ती सादर करायची. उडी किती उंच, पवित्रा किती स्थिर, नजर कुठे, वेग कुठे वाढला आणि कुठे थांबला, या साऱ्याचे गुण असतात.

मराठी वाचकाला हे समजायला मल्लखांब आठवावा. पैलवानांच्या अंगात चपळाई आणि पकड यावी म्हणून तयार झालेला हा व्यायाम पुढे स्वतःच एक देखणी कला बनला. त्यात कुणी कुणाला चीत करत नाही, पण प्रत्येक पकडीत कुस्ती लपलेली असते. ताओलूचे नाते लढाईशी असेच आहे. योगायोग असा की १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने चीनच्या वूशू पथकाने तिथे प्रात्यक्षिके केली आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही त्याच वेळी बर्लिनमध्ये भारतीय देशी खेळ दाखवले. आपली शरीरविद्या जगाने बघावी ही ओढ दोन्ही देशांना होती.

ताओलूत वाढलेल्या खेळाडूला तीन गोष्टी मिळतात. पहिली, लांबलचक मालिका एका दमात लक्षात ठेवण्याची सवय. दुसरी, प्रत्येक हालचाल स्वच्छ सुरू करून स्वच्छ संपवण्याची शिस्त. तिसरी, आपल्याकडे कुणी तरी पाहते आहे याचे सततचे भान. चित्रपटाच्या कॅमेऱ्याला नेमके हेच हवे असते. मुष्टियुद्ध खेळणारा माणूस ठोसा लपवून मारायला शिकतो. ताओलूचा खेळाडू तोच ठोसा उलगडून दाखवायला शिकतो.

अमेरिका, १९७४

१९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन चीनला जाऊन आले आणि दोन्ही देशांतले गोठलेले संबंध सैलावू लागले. टेबल टेनिसच्या खेळाडूंनी ती वाट आधीच उघडून दिली होती. १९७४मध्ये वूशूचे पथक अमेरिकेला पाठवण्यात आले आणि अकरा वर्षांचा ल्येनज्ये त्यात होता. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर त्यांनी प्रात्यक्षिके केली. निक्सन यांनी थट्टेने त्याला विचारले, मोठा झाल्यावर माझा अंगरक्षक होशील का? आपल्याला कुणा एका माणसाचे रक्षण करायचे नाही, मोठे होऊन सगळ्या देशबांधवांचे रक्षण करायचे आहे, असे उत्तर त्याने दिले. ही आठवण त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्या वयातल्या उत्तरात पाठ केलेली देशभक्ती किती आणि मनातली किती, हे वेगळे करता येणार नाही. पण सत्तेजवळच्या माणसाला नम्रपणे नकार देण्याची ही सवय पुढच्या आयुष्यात पुन्हा दिसते.

१९७५पासून १९७९पर्यंत तो सर्वसाधारण विजेतेपद जिंकत राहिला. मोठ्या वयाच्या खेळाडूंना मागे टाकणारा हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. एका स्पर्धेत तलवारीचा खेळ करताना त्याचे डोके स्वतःच्याच पात्याने कापले गेले. चेहऱ्यावरून काही तरी ओघळत होते, तो घाम असावा असे त्याला वाटले आणि त्याने मालिका शेवटपर्यंत पूर्ण केली. शौर्याची कथा म्हणून ती सांगितली जाते. मला तिच्यात लहान मुलाच्या शरीरावर टाकलेला ताणही दिसतो. राज्यसंस्थेने चालवलेल्या क्रीडाव्यवस्थेने त्याला सारे काही दिले. बालपण मात्र घेतले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

विशीच्या आतच तो स्पर्धेतून बाहेर पडला. जिंकण्यासारखे काही उरले नव्हते.

‘शाओलिन टेम्पल’

हाँगकाँगमध्ये कुंगफूचे चित्रपट कधीचेच तयार होत होते. पण मुख्य भूमी चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात अशा करमणुकीला जागाच नव्हती. १९७०च्या दशकाच्या शेवटी दारे किलकिली झाली. हाँगकाँगचे दिग्दर्शक झांग शिन्यान यांनी ठरवले की शाओलिनचा चित्रपट हनान प्रांतातल्या खऱ्या शाओलिन मठात करायचा आणि त्यात नटांऐवजी खरे वूशू खेळाडू घ्यायचे. यू हाय हे मँटिस या कीटकाच्या पवित्र्याच्या शैलीचे जाणकार, यू चंगह्वी हे दुधारी तलवारीचे नामवंत. त्यांच्या मधोमध नायक म्हणून उभा राहिला अठरा-एकोणीस वर्षांचा ली ल्येनज्ये.

१९८२मध्ये ‘शाओलिन टेम्पल’ प्रदर्शित झाला. गोष्ट साधी: वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला तरुण मठात आश्रय घेतो, भिक्षूंकडून विद्या शिकतो आणि पुढे थांग घराण्याचा सम्राट होणाऱ्या ली शिमीनला वाचवतो. पण लोकांनी जे पाहिले ते असे कधी पाहिले नव्हते. ऋतू बदलतात, बर्फ पडते, पाने गळतात आणि तो मुलगा अंगणात सराव करत राहतो. कॅमेरा दूर उभा राहून त्याचे पूर्ण शरीर दाखवतो, कारण लपवण्यासारखे काही नाही. तिकीट होते युआनचा दहावा हिस्सा. चीनभर लोक पुन्हा पुन्हा थिएटरात गेले.

या चित्रपटाने इतिहासही हलवला. शाओलिन मठ १९२८मध्ये एका लष्करी सरदाराने जाळला होता. सांस्कृतिक क्रांतीने उरलेसुरले मोडले. चित्रीकरण झाले तेव्हा तिथे मोजकेच वृद्ध भिक्षू राहत होते. चित्रपट आला आणि लोकांची रीघ लागली. घरातून पळून मठाच्या दारात जाऊन बसणाऱ्या मुलांच्या बातम्या येऊ लागल्या. मठाच्या पायथ्याशी असलेल्या डंगफंग परिसरात वूशूच्या शाळा उभ्या राहिल्या आणि आज तिथे हजारो मुले शिकतात. परंपरेने या मठाचे नाते भारतातून गेलेल्या बोधिधर्माशी जोडले जाते. बोधिधर्मानेच तिथे युद्धकला शिकवली ही कथा इतिहासकार मान्य करत नाहीत, पण ध्यान आणि शरीरसाधना यांची सांगड घालणारा गुरू म्हणून मठ आजही त्याला वंदन करतो.

१९८२मध्येच फिलिपिन्समध्ये चित्रपटाची जाहिरात करताना तिथल्या लोकांना त्याचे नाव उच्चारता येईना. विमानासारखी वेगाने उंची गाठणारी कारकीर्द म्हणून फलकांवर ‘जेट ली’ असे छापले गेले आणि ते नाव कायमचे चिकटले.

पुढची वर्षे मात्र उतरणीची होती. सरावात पाय मोडला, मोठी शस्त्रक्रिया झाली. ‘किड्स फ्रॉम शाओलिन’ आणि ‘मार्शल आर्ट्स ऑफ शाओलिन’ आले. स्वतः दिग्दर्शित केलेला ‘बॉर्न टू डिफेन्स’ १९८६मध्ये येऊन गेला, त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९८८मध्ये तो अमेरिकेला गेला. पंचविशीतल्या या माणसाची गोष्ट इथे संपली असती, तरी कुणाला आश्चर्य वाटले नसते.

वाँग फेई-हुंगचा अवतार

त्याच्या गोष्टीला दुसरे वळण दिले दिग्दर्शक त्सुई हार्क यांनी. वाँग फेई-हुंग (१८४७–१९२५) हा दक्षिण चीनमधल्या फोशानचा खरा माणूस: वैद्य, हाडे बसवणारा आणि हुंग शैलीचा गुरू. १९४९पासून क्वान ताक-हिंग या नटाने सत्तरहून अधिक चित्रपटांत त्याची भूमिका केली होती. त्या पिढीच्या डोळ्यांपुढे वाँग म्हणजे वडीलधारा, गंभीर, कमरेत वाकून नमस्कार घेणारा गुरुजी. त्सुई हार्क यांनी त्या जागी उत्तरेतला, अठ्ठावीस वर्षांचा जेट ली आणला. दक्षिणेच्या नायकाला उत्तरेचे पाय मिळाले. जाणकारांनी नाके मुरडली, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले.

१९९१चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ हा लढायांचा चित्रपट आहेच, शिवाय तो एका विचारी माणसाची घालमेल दाखवतो. बंदरात परदेशी जहाजे उभी आहेत. रस्त्यावर मिशनरी, दलाल आणि गुंड आहेत. परदेशात राहून आलेली तेरावी मावशी पाश्चात्य कपड्यांत कॅमेरा घेऊन फिरते. आपल्या विद्येचा या नव्या जगात काय उपयोग, हे वाँगला कळत नाही. शेवटी गोदामातल्या बांबूच्या शिड्यांवर प्रसिद्ध लढाई होते. शिड्या कलंडतात, सरकतात, माणसे त्यांवरून धावतात. यात तारांचा वापर आहे, वेगवान संकलन आहे आणि पायाच्या दुखापतीमुळे काही ठिकाणी जेट लीऐवजी दुसरा लढवय्याही आहे. पण त्या धावपळीत पुन्हा पुन्हा जो क्षण येतो तो त्याचाच: सारे थांबते, एक हात पाठीमागे, दुसरा तळवा वर करून पुढे, आणि चेहरा शांत. हा पवित्रा ताओलूच्या गालिच्यावरून आलेला आहे.

त्याच चित्रपटात वाँगशी अटीतटीने झुंजलेला, लोखंडी शरीराचा म्हणून मिरवणारा गुरू गोळ्या लागून मरतो. कितीही विद्या असली तरी बंदुकीपुढे ती चालणार नाही, हे तो मरता मरता सांगतो. युद्धकलेच्या चित्रपटाने युद्धकलेची मर्यादा इतकी उघड सांगावी, हे धाडस होते. १९९२च्या दुसऱ्या भागात गोळी लागत नाही असे मानणाऱ्या श्वेतकमळ पंथाच्या वेड्या श्रद्धेशी वाँग लढतो आणि वैद्यकीय परिषदेत सुन यत-सेन यांना भेटतो. याच भागात नट डॉनी येनच्या हातातले ओले कापड पिळून काठीसारखे वापरले जाते. युएन वू-पिंग यांनी बसवलेला तो सामना आजही शिकवण्यासारखा आहे.

या यशाच्या सावलीत हाँगकाँगची दुसरी बाजू होती. गुन्हेगारी टोळ्या चित्रपटधंद्यात शिरल्या होत्या, नटांना धमकावून काम करायला लावत होत्या. १९९२च्या जानेवारीत चित्रपटकर्मींनी याविरुद्ध मोर्चा काढला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट लीचे व्यवस्थापक जिम चॉय यांची गोळ्या घालून हत्या झाली. पडद्यावर निर्भय दिसणारी माणसे कोणत्या वातावरणात काम करत होती, हे त्यावरून कळते.

१९९४चा ‘फिस्ट ऑफ लेजंड’ हा माझ्या मते त्याच्या हाँगकाँगमधल्या कामाचा कळस. ब्रूस लीच्या १९७२च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ची ही नवी मांडणी. मूळ चित्रपटात जपानी सत्तेविरुद्धचा धगधगता संताप होता. नव्या चित्रपटाचा नायक चेन झेन मात्र जपानमध्ये शिकलेला, जपानी मुलीवर प्रेम करणारा आहे. एका मोकळ्या मैदानात वयस्क जपानी गुरूशी त्याचा सामना होतो. वाऱ्याने धूळ उडते म्हणून दोघेही डोळ्यांवर पट्टी बांधून लढतात. कोण जिंकले याला तिथे महत्त्व उरत नाही. दोघांनी एकमेकांकडून काय घेतले, याला उरते. हा चित्रपट पाहूनच वाचोस्की दिग्दर्शकद्वयाने ‘द मेट्रिक्स’साठी युएन वू-पिंग यांना बोलावले आणि हॉलिवूडच्या मारामारीचे व्याकरण बदलले.

हॉलिवूडची वाट

१९९८मध्ये ‘लीथल वेपन ४’मध्ये जेट ली पहिल्यांदा हॉलिवूडमध्ये आणि पहिल्यांदाच खलनायक म्हणून दिसला. त्याच्या हालचाली इतक्या वेगवान होत्या की कॅमेऱ्यात नीट दिसाव्यात म्हणून त्याला हळू करायला सांगण्यात आले. इंग्रजी अजून कच्चे होते, संवाद थोडे होते, तरी भीती वाटायची ती त्याचीच. पुढे ‘रोमिओ मस्ट डाय’ (२०००), ‘किस ऑफ द ड्रॅगन’ (२००१) असे चित्रपट आले. धंदा चांगला झाला, पण भूमिका अरुंदच राहिल्या. रोमिओचे नाव घेणाऱ्या चित्रपटाच्या शेवटी नायक-नायिका फक्त मिठी मारतात. आशियाई पुरुषाने लढावे, प्रेम मात्र जपून करावे, असा त्या काळच्या हॉलिवूडचा अलिखित नियम होता.

याच काळात त्याने दोन मोठे नकार दिले. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधली नायकाची भूमिका त्याने सोडली, कारण पत्नी गरोदर होती आणि त्या काळात काम करणार नाही असा शब्द त्याने दिला होता. ती भूमिका चाव युन-फॅटकडे गेली आणि चित्रपटाने जग जिंकले. दुसरा नकार ‘मेट्रिक्स’च्या पुढच्या भागांना. आपल्या साऱ्या हालचाली डिजिटल रूपात नोंदवून त्या कंपनीच्या मालकीच्या होणार, हे आपल्याला पटले नाही, असे त्याने पुढे सांगितले. आयुष्यभर घाम गाळून कमावलेली विद्या यंत्रात साठवून दुसऱ्याच्या नावावर का करायची? त्या वेळी हा आग्रह जुनाट वाटला असेल. २०२३मध्ये हॉलिवूडच्या नटांनी ११८ दिवस संप केला, त्यातली एक मुख्य मागणी नटाच्या डिजिटल प्रतिकृतीवर त्याचाच हक्क राहावा ही होती. जेट लीने तो प्रश्न वीस वर्षे आधी ओळखला होता.

तलवार खाली ठेवताना

२००२मध्ये झांग यिमोऊ यांच्या ‘हीरो’साठी तो चीनमध्ये परतला. राजाला मारायला आलेला अनाम योद्धा, मारण्याची संधी हातात असताना, मारत नाही. पावसात, बुद्धिबळाच्या पटाशेजारी डॉनी येनशी होणारा त्याचा सामना बराचसा दोघांच्या मनातच घडतो. तो पाहिला की ताओलूचे मर्म कळते. चित्रपटावर टीकाही झाली: एकछत्री सत्तेसाठी माणसाने मान झुकवावी, असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांकडे सबळ कारणे आहेत. ती टीका बाजूला सारता येत नाही. तरी नट म्हणून जेट ली इथे एक पाऊल पुढे गेला. चेहऱ्यावर जवळजवळ काहीही न हलवता त्याने निर्णय बदलताना दाखवला. २००४मध्ये अमेरिकेत प्रदर्शित होताच हा चिनी भाषेतला चित्रपट तिथल्या गल्ल्यावर पहिल्या क्रमांकावर गेला.

२००६च्या ‘फिअरलेस’मध्ये त्याने हुओ युआनज्या यांची भूमिका केली. शांघायच्या जिंगवू संस्थेशी जोडलेला हा गुरू १९१०मध्ये बेचाळिसाव्या वर्षी वारला. भूमिका करताना जेट लीचे वयही तेवढेच होते. चित्रपटातला हुओ आधी गर्विष्ठ असतो, जिंकण्याच्या नादात माणसे मारतो, घर गमावतो, खेड्यात जाऊन भाताची रोपे लावायला शिकतो आणि मग परततो. वूशूविषयी आपल्याला जे सांगायचे होते ते या चित्रपटात सांगून झाले, असे म्हणत त्याने हा आपला शेवटचा वूशूपट असल्याचे जाहीर केले. लढायांचे चित्रपट त्यानंतरही केले, पण गुरुपरंपरेचा विषय तिथे थांबला. पुढच्याच वर्षीच्या ‘द वॉरलॉर्ड्स’मधल्या महत्त्वाकांक्षी, विश्वासघातकी सेनापतीच्या भूमिकेसाठी त्याला हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला.

पाण्याच्या दोन बाजू

२६ डिसेंबर २००४ रोजी तो कुटुंबासह मालदीवमध्ये सुट्टीवर होता. त्सुनामीचे पाणी हॉटेलात शिरले तेव्हा छोटी मुलगी त्याच्या हातात होती. पायाला जखम झाली, पण सगळे वाचले. पैसा, कीर्ती, ताकद यांपैकी काहीही त्या क्षणी उपयोगाचे नव्हते, हे त्याने नंतर वारंवार सांगितले. बौद्ध धर्माकडे तो आधीच वळला होता, आता त्या विचाराला कामाचे रूप मिळाले. २००७मध्ये चीनच्या रेडक्रॉससोबत त्याने ‘वन फाउंडेशन’ सुरू केले. कल्पना सोपी: प्रत्येकाने महिन्याला एक युआन द्यावा. श्रीमंतांच्या मोठ्या देणगीपेक्षा लाखो लोकांच्या छोट्या सवयीवर त्याचा भर होता. मे २००८मध्ये सिचुआनचा भीषण भूकंप झाला आणि या संस्थेची पहिली मोठी परीक्षा झाली. २०११मध्ये संस्था शेनझेन इथे स्वतंत्रपणे नोंदली गेली आणि जनतेकडून थेट देणग्या गोळा करण्याचा अधिकार मिळालेली खासगी संस्था म्हणून चीनच्या समाजकार्यात तिने नवी वाट पाडली.

२०१०मध्ये ‘ओशन हेवन’ आला. दिग्दर्शक श्वे श्याओलू. जेट ली यात एका मत्स्यालयात वीजतंत्री म्हणून काम करणारा बाप आहे. त्याला यकृताचा कर्करोग झाला आहे आणि तरुण मुलगा स्वमग्न आहे. आपण गेल्यावर हा अंडी कशी उकडेल, बसमधून कसा उतरेल, कपडे कसे काढेल, एवढीच त्याची चिंता. मुलाला पोहायला आवडते, म्हणून बाप पाठीवर कासवाचे कवच बांधून त्याच्यासोबत टाकीत उतरतो. आपण गेल्यावरही टाकीतल्या कासवाच्या रूपात आपण सोबत आहोत असे मुलाला वाटावे, यासाठी. संपूर्ण चित्रपटात एकही ठोसा नाही. वाकलेले खांदे, घाईची चाल, चष्म्याआडचे थकलेले डोळे यांतून तो बाप उभा राहतो. शरीराने भाव दाखवायचे शिक्षण इथे शेवटी एका अगदी साध्या माणसाच्या कामी आले.

त्याच सुमारास त्याला थायरॉइडचा विकार जडला. तरुणपणीच्या दुखापतींनी पाय आणि पाठ आधीच दुखावलेली होती. २०१३मध्ये त्याने आजार जाहीर केला. काही वर्षांनी त्याचे थकलेल्या अवस्थेतले एक छायाचित्र जगभर फिरले आणि लोक हळहळले. त्याने मात्र प्रकृती ठीक असल्याचे शांतपणे सांगितले. २०२०च्या ‘मुलान’मध्ये तो सम्राट म्हणून थोडा वेळ दिसला.

जेट लीच्या कारकिर्दीचा निवाडा करायचा तर तो असा करावा: ब्रूस लीने लढाईला राग दिला, जॅकी चॅनने हसू दिले, जेट लीने संयम दिला. त्याच्या उत्तम चित्रपटांत सर्वांत प्रभावी क्षण मारण्याचा नसतो, मारायचे थांबण्याचा असतो. ही गोष्ट चलाख संकलनातून येत नाही. तिच्यामागे एका गरीब घरातल्या मुलाची दहा वर्षांची तालीम, एका प्रशिक्षकाने त्याच्या घरी पोचवलेले मांस आणि पुढे स्वतःच्या शक्तीविषयी शंका घेण्याची प्रौढ तयारी आहे.

वाचकांनी त्याचे सगळे चित्रपट पाहण्याची गरज नाही. ‘शाओलिन टेम्पल’, ‘फिस्ट ऑफ लेजंड’ आणि ‘ओशन हेवन’ हे तीन याच क्रमाने पाहावेत. आणि घरात कराटे, तायक्वांदो किंवा कुस्ती शिकणारी मुले असतील, तर त्यांना शेवटचा चित्रपट आवर्जून सोबत बसवून दाखवावा.